गाईड कुठलं घेऊ, ताई?

सीसीएनएच्या तयारीतला पहिला महिना बहुतेकांचा गाईड निवडण्यातच जातो. माझ्या ऑफिसातल्या निदान पाच-सहा जणांचं हे मी जवळून बघितलंय. रात्री जेवण झालं की माणूस फोन घेऊन पडतो, दोन पुस्तकांची तुलना करणारा व्हिडिओ बघतो, त्यात तिसऱ्या पुस्तकाचं नाव कळतं, मग पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती येणार असल्याची कुणकुण लागते आणि 'येऊ दे, मग घेऊ' असं ठरतं. अभ्यास चालू असल्याचं समाधान मिळतं. पान मात्र एकही उलटलेलं नसतं.

तरी हा प्रश्न फालतू नाही. मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावानं तो मला विचारला, तेव्हा त्याच्यासाठी तो किती महाग आहे ते लक्षात आलं.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राउटर आणि स्विच बनवणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी १९९८ पासून सीसीएनए नावाची परीक्षा घेते. कॉम्प्युटर एकमेकांशी कसे जोडायचे, जोडलेले का बोलत नाहीत हे कसं शोधायचं, याची ही पहिली पायरीची परीक्षा. आधी तिच्या वेगवेगळ्या शाखा होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या एकत्र करून '२००-३०१' या क्रमांकाची एकच परीक्षा ठेवली. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, पास झालात तर प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसण्यासाठी पात्रतेची अट नाही. डिग्री विचारत नाहीत, बारावीचे मार्क विचारत नाहीत.

ती शेवटची गोष्ट मावसभावासाठी फार मोठी आहे. तो बार्शीत राहतो. बारावीनंतर आयटीआय केलं आणि गेली चार वर्षं एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. पतसंस्थांमध्ये लॅनच्या वायरी ओढणं, दवाखान्यात सीसीटीव्ही बसवणं, शाळेच्या लॅबमधला बंद पडलेला स्विच बदलणं, अशी कामं. पगार चौदा हजार. त्याला पुण्यात नॉकमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या विभागात नोकरी हवी आहे. तिथे डिग्री नसलेल्या मुलाचा बायोडेटा निदान उघडून बघावा असं वाटायला लावणारी एक ओळ म्हणजे सीसीएनए. आता ३०० डॉलरचे रुपये करा. पंचवीस हजारांच्या पुढे जातात, म्हणजे त्याचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. नापास झालात तर पुन्हा तेवढेच. मावशीला तो म्हणाला होता, "एकदाच देणार." त्यामुळे त्याचं "गाईड कुठलं घेऊ, ताई?" हे विचारणं माझ्या ऑफिसातल्या लोकांसारखं नव्हतं.

मी स्वतः ही परीक्षा २०२१ मध्ये दिली. मी सॉफ्टवेअर लिहिते, नेटवर्क चालवत नाही, पण आमच्या टीमचं काम नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बनवण्याचं आहे आणि पलीकडचे लोक काय बोलतात ते कळावं म्हणून मी अभ्यास केला. फी कंपनीनं भरली. माझ्याकडे तयार उत्तर होतं: टॉड लॅमलेचं घे. सायबेक्स प्रकाशनाचं, गप्पा मारत शिकवणारं, जिथे तिथे विनोद करणारं. सिस्को प्रेसचं अधिकृत गाईड वेंडेल ओडमचं; दोन खंड, दोन्ही मिळून हजाराच्या वर पानं, आणि सगळीकडे त्याची ख्याती एकच, कोरडं. ज्याला विचाराल तो हेच सांगेल की लॅमले सोपा, ओडम जड.

पण भाऊ पुण्याला आला होता आणि दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात होती. म्हटलं, मी सांगण्यापेक्षा तूच बघ. सबनेटिंगचं प्रकरण दोन्हीत आहे. एका रविवारी दोन्ही वाच, पेन्सिल घेऊन बस, जे अडेल त्याच्याखाली रेघ मार.

सबनेटिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सीसीएनएच्या वाटेवर माणसं सर्वांत जास्त इथेच अडखळतात. आयपी ॲड्रेस हा ३२ बिटांचा आकडा. त्याचा पुढचा काही भाग म्हणजे नेटवर्क, उरलेला त्या नेटवर्कमधलं मशीन. ही विभागणी कुठे करायची ते आपण ठरवू शकतो. १९२.१६८.१०.० या नेटवर्कमध्ये एकूण २५६ पत्ते. त्याला /२६ लावलं की चार तुकडे होतात, प्रत्येकी ६४ पत्त्यांचे: शून्यापासून, ६४ पासून, १२८ पासून आणि १९२ पासून. पण प्रत्येक तुकड्यातला पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ते दोन मशीनला देता येत नाहीत. वापरायला उरतात ६२. परीक्षेत विचारतात, १९२.१६८.१०.७७ हे मशीन कुठल्या तुकड्यात? उत्तर: ६४ ते १२७. हे कागदावर सोपं वाटतं. परीक्षेत घड्याळ चालू असतं आणि आकडे इतके सरळ नसतात.

संध्याकाळी मी रेघा बघितल्या. लॅमलेच्या एका पानावर अकरा रेघा होत्या आणि त्यातली एकही तांत्रिक शब्दाखाली नव्हती. सगळ्या बोलीभाषेतल्या लकबी, वाक्प्रचार, विनोदाचे शेवट. ओडमच्या पानावर पाच रेघा, त्यातल्या चार तांत्रिक शब्दांखाली. भाऊ म्हणाला, "ताई, हा माणूस हसतोय हे कळतं, पण कशाला हसतोय ते कळत नाही. मग वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय." आणि ओडमबद्दल म्हणाला, "हा एक शब्द एकदा सांगितला की तोच वापरतो. बदलत नाही."

त्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत होते. मीही दहावीपर्यंत मराठी माध्यमातच शिकले. पण त्यानंतर चार वर्षं इंजिनीअरिंग, मग पुण्यातलं ऑफिस, इंग्रजीतल्या मीटिंगा, मालिका. लॅमलेचं इंग्रजी मला सोपं वाटतं, कारण ते बोलण्याचं इंग्रजी आहे आणि ते माझ्या कानावरून गेलंय. भावाचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आणि मशीनच्या मॅन्युअलमधून आलंय. त्याला कर्ता, कर्म, क्रियापद असं शिस्तीत आलेलं लांब वाक्यसुद्धा समजतं. त्याला अडवतं ते हलकंफुलकं, अर्धवट सोडलेलं, अमेरिकन घरातलं इंग्रजी. म्हणजे ज्याला सगळे कोरडं म्हणतात, तेच पुस्तक त्याच्यासाठी सोपं. 'सोपं पुस्तक' म्हणून शिफारस करताना आपण कुणाच्या कानांना सोपं, हे सांगतच नाही. ही परीक्षा इंग्रजीत, चांगली पुस्तकं इंग्रजीत. मग महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातून ती देणाऱ्याच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी कसोटी ठरते, आणि तुलनेच्या एकाही व्हिडिओत ती मी ऐकलेली नाही.

म्हणून पहिला सल्ला हाच: कुणाचंही मत विचारू नका, रेघा मारा. एकच अवघड प्रकरण दोन पुस्तकांतून वाचा आणि रेघा कशाखाली पडतात ते बघा. तांत्रिक शब्दाखाली पडल्या तर पुस्तक त्याचं काम करतंय. भाषेखाली पडल्या तर तुम्ही एकाच वेळी दोन परीक्षा देताय.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात सीसीएनएची गाईडं ढिगानं मिळतात आणि स्वस्तात मिळतात. पण कव्हरवरचा क्रमांक आधी बघायचा. २००-१२५ लिहिलं असेल तर ते २०२० च्या आधीचं. त्यात ईआयजीआरपी नावाच्या राउटिंग प्रोटोकॉलवर बरीच पानं खर्ची पडलेली असतात आणि तो आता अभ्यासक्रमात नाही. उलट नेटवर्क प्रोग्रामनं चालवणं, म्हणजे ऑटोमेशन, हा आताच्या परीक्षेचा १० टक्के भाग त्यात जवळजवळ नाहीच. २००-३०१ मध्येही ऑगस्ट २०२४ पासून १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली. पण जुनं पुस्तक अगदीच वाया जातं असंही नाही. आयपीचा मूळ दस्तऐवज सप्टेंबर १९८१ चा आहे, ओएसपीएफच्या आजच्या आयपीव्ही४ वरच्या रूपाचा एप्रिल १९९८ चा. सबनेटिंगचं गणित तेव्हापासून बदललेलं नाही. हात बसवायला जुनं पुस्तक चालतं, फक्त त्याच्या भरवशावर परीक्षा द्यायची नाही.

तिसरी गोष्ट, सिस्को स्वतः विषयवार वजन जाहीर करते, ते समोर ठेवायचं. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विच आणि वायरलेस २० टक्के, राउटिंग २५ टक्के, डीएचसीपी वगैरे सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. हातातल्या गाईडची अनुक्रमणिका या यादीशेजारी ठेवून बघितली की अर्ध्या तासात त्याची लायकी कळते.

आणि चौथी, पुस्तकाबरोबर हात चालला पाहिजे. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो. कॉम्प्युटरवरच राउटर, स्विच, वायरी मांडायच्या आणि बिघडवायच्या. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा अख्खा कोर्स फुकट आहे, सरावाच्या लॅबसकट. ज्याला पुस्तक परवडत नाही त्यानं तिथूनच सुरुवात करावी.

हे सगळं मी भावाला सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकलं आणि मग फोनवर एक जाहिरात दाखवली. एक क्लास. त्यांचं म्हणणं, आठ हजार भरा, आम्ही डंप देतो, शंभर टक्के पास. डंप म्हणजे आधी परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून काढलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं, पीडीएफमध्ये. वाचायचं नाही, पाठ करायचं. भाऊ तिथे जाऊन आला होता. काउंटरवरच्या माणसानं विचारलं होतं, "तुला सर्टिफिकेट पाहिजे का विद्वान व्हायचंय?"

डंप वापरणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण भावाचा हिशोब आळसाचा नव्हता. पंचवीस हजार एकदाच उभे करता येणार, नापास होण्याची सोय नाही. अशा माणसाला आठ हजारांचा डंप विम्यासारखा वाटतो. ज्याची फी कंपनी भरते त्याला पुस्तक वाचून नापास होणं परवडतं. हा फरक मला आधी नीट दिसला नव्हता आणि त्याला नीतीचे धडे द्यायला तोंड उघडवेना. मी फक्त नियम सांगितले. परीक्षेला बसताना तुम्ही करार मान्य करता, त्यात हे निषिद्ध आहे, पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. तो म्हणाला, "पकडतात का?" मी म्हटलं, "सगळ्यांना नाही." खोटं कशाला बोलू?

खरं तर डंप आपल्याला परका नाहीच. आपल्या शाळेच्या जगात 'गाईड' म्हणजे उत्तरांचं पुस्तक. पाठ्यपुस्तक शाळेचं, गाईड परीक्षेचं. दहावीला नवनीत होतं, २१ अपेक्षित होतं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय आला तेव्हा लायब्ररीत टॅनेनबॉम आणि फोरोझान होते, जाडजूड आणि कोरे करकरीत. आम्ही सगळे स्थानिक प्रकाशनाचं एक पातळ पुस्तक वाचायचो, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेप्रमाणे लावलेलं. ओएसआय मॉडेलचे सात थर, आकृतीसह, आठ मार्क. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ते थर आजही झोपेत म्हणून दाखवतील. ते सात थर एखाद्या बंद पडलेल्या नेटवर्कपुढे उभं राहिल्यावर काय कामाला येतात, हे मात्र त्या पुस्तकाच्या कक्षेत नव्हतं. इंग्रजीत स्टडी गाईड म्हणतात ते पुस्तक वेगळं असतं. ओडमच्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक छोटी चाचणी आहे, हे तुला आधीच येतं का ते तपासायला. येत असेल तर पुढे जा. म्हणजे पुस्तक आधी तुमची चौकशी करतं, मग बोलतं.

भावानं ओडम उचलला. माझ्याकडची प्रत, म्हणून पुस्तकांचे पैसे वाचले. क्लासला जायचं त्यानं रद्द केलं नव्हतं, पुढे ढकललं होतं. "दुसरा खंड संपेपर्यंत बघतो," म्हणाला.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. बार्शीतल्या एका छोट्या दवाखान्यात नेट गेलं होतं. सगळं नाही, काही कॉम्प्युटरचं. बिलिंगचा कॉम्प्युटर चालू, ओपीडीचा बंद, दहा मिनिटांनी उलटं. बाहेर पेशंटची रांग. असली तक्रार त्यानं चार वर्षांत कैकदा पाहिली होती. दर वेळी तो आणि दुकानातला दुसरा मुलगा एकेक वायर काढून बघायचे, अर्धा दिवस जायचा, शेवटी कुठली तरी वायर काढल्यावर चालू व्हायचं आणि 'वायर खराब होती' असं बिलावर लिहिलं जायचं.

या वेळी त्यानं बंद पडलेल्या कॉम्प्युटरला कुठला पत्ता मिळालाय ते बघितलं. दवाखान्याचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, आणि या कॉम्प्युटरला मिळाला होता १९२.१६८.० चा पत्ता. म्हणजे पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी आत शिरला होता. नेटवर्कमध्ये नव्यानं आलेलं मशीन ओरडून विचारतं, मला पत्ता कोण देणार? जो पहिला उत्तर देईल त्याचं ते ऐकतं. खरा राउटर आधी बोलला तर नेट चालू, घुसखोर आधी बोलला तर बंद. म्हणूनच कधी हा कॉम्प्युटर, कधी तो. भावानं त्या घुसखोराचा मॅक ॲड्रेस काढला आणि मुख्य स्विचला विचारलं, हा कुठल्या पोर्टवर आहे? सतरा नंबर. सतराची वायर पॅथॉलॉजीच्या खोलीत जात होती. तिथल्या कुणीतरी मोबाईलला वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून टेबलाखाली लावला होता, वायर चुकीच्या भोकात खुपसून. एकूण वेळ वीस मिनिटं.

मग त्यानं आणखी एक काम केलं, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं. खरा राउटर ज्या पोर्टवर आहे तेवढा एकच विश्वासाचा. बाकी कुठूनही 'हा घे पत्ता' असं उत्तर आलं तर स्विच ते फेकून देईल. उद्या कुणी दहा राउटर आणून लावले तरी पत्तेवाटपात गोंधळ होणार नाही.

फोनवर तो म्हणत होता, "ताई, हे पुस्तकात दुसऱ्या खंडात आहे. मला ते वाचताना नवीन वाटलंच नाही. मी हे चार वर्षं बघतोय, फक्त याला नाव आहे हे माहीत नव्हतं." नंतर त्यानं क्लासच्या नमुना डंपमध्येही या विषयावरचा प्रश्न शोधला. विश्वासाचा पोर्ट कुठला, असा प्रश्न, चार पर्याय आणि बरोबर उत्तरापुढे खूण. उत्तर अगदी बरोबर होतं. तेवढ्यावर पॅथॉलॉजीच्या टेबलाखाली कुणी वाकलं नसतं.

क्लासचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता तो दुसऱ्या खंडाच्या शेवटाकडे आलाय. दुकान रात्री आठला बंद होतं, साडेनऊ ते बारा अभ्यास, रविवारी पॅकेट ट्रेसर. पुस्तक इंग्रजी असलं तरी टिपणं मराठीत काढतो, दोनशे पानी वहीत. मागच्या महिन्यात मी ती चाळली. सबनेटिंगच्या पानावर शेताचा नकाशा होता. एक तुकडा, चार भाऊ, चार वाटण्या, आणि प्रत्येक वाटणीच्या दोन्ही कडेला रेघ. खाली लिहिलं होतं: 'जेवढ्या वाटण्या जास्त, तेवढी बांधात जमीन जास्त. प्रत्येक वाटणीला दोन पत्ते बांधात गेले समजायचे.' नेटवर्कचा पत्ता आणि ब्रॉडकास्टचा पत्ता का वापरता येत नाहीत, तुकडे वाढवले की एकूण वापरायचे पत्ते का घटतात, हे मी बऱ्याच जणांना समजावलंय. बांधाइतकं चपखल मला कधी सुचलं नाही. ते ओडमलाही सुचणार नाही, लॅमलेलाही नाही. ज्यानं वाटणीवरून झालेली भांडणं घरात पाहिली आहेत, त्यालाच ते सुचू शकतं.

परीक्षा पुढच्या महिन्यात, पुण्यात. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, याची त्याला सगळ्यात भीती वाटते. पैसे जमलेत, थोडे मावशीनं भिशीतून दिलेत. तो पास होईल असं मला वाटतं, पण नापास झाला तर ते पैसे परत येणार नाहीत, आणि दवाखान्यातल्या त्या वीस मिनिटांचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून त्यावर बोलत नाही.

दुकानातल्या दुसऱ्या मुलानं मात्र परवा त्याच्या वहीची झेरॉक्स काढून घेतली. त्याच्या आधी भावाला विचारत होता म्हणे, यातलं काय काय परीक्षेला येतं? भावानं त्याला सांगितलं, "सबनेटिंगपासून वाच. अडेल तिथे रेघ मार."